चूक काय म्हणते, ते आधी वाचा

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेलं लेकरू ज्या घरात आहे, त्या घरात परीक्षेच्या आधी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "प्रोजेक्ट तयार आहे, पण डेटाबेस कनेक्ट होत नाही." अम्मीला त्यातलं काही कळत नाही. अब्बांना एवढंच कळतं की तारीख जवळ आली आहे आणि पोरगं रात्री झोपत नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, "कशाला डोकं लावतोस? नांदेडला पैसे दिले की तयार प्रोजेक्ट मिळतो. घेऊन टाक आणि जमा कर."

हा सल्ला महागात पडतो, आणि सवाल फक्त पैशांचा नसतो. नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न प्रोजेक्टवरच येतो. "कनेक्शन कसं केलंस? एरर आली तेव्हा काय केलंस?" विकत घेतलेल्या प्रोजेक्टवाल्याकडे याचं उत्तर नसतं. रात्रभर जागून स्वतः चूक शोधलेल्या मुलीकडे मात्र ते तयार असतं. म्हणून या महिन्यात थोडा तांत्रिक विषय घेते आहे. मुलांनी तो कामासाठी वाचावा आणि आईवडिलांनी मुलांच्या शेजारी बसता यावं म्हणून वाचावा.

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. पण शाळेचं ऑनलाइन काम अनेक वर्षं माझ्याकडे आहे, आणि भाचीचा जावामधला प्रोजेक्ट चालू होता तेव्हा तिच्या शेजारी बसून मीही बरंच शिकले. भाषेच्या शिक्षिकेला यात एक गोष्ट लगेच दिसते. हे काम अर्ध्याहून जास्त वाचनाचं आहे. संगणक चूक लिहून दाखवतो. मुलं लाल अक्षरं पाहून घाबरतात, खिडकी बंद करतात आणि प्रोग्राम पुन्हा चालवतात. वाचायचं राहूनच जातं.

शाळेचं ऑफिस डोळ्यांपुढे आणा

डेटाबेस म्हणजे शाळेच्या ऑफिसातलं कपाट. त्यात जनरल रजिस्टर, हजेरीपट, फीचं रजिस्टर. प्रत्येक रजिस्टर म्हणजे एक टेबल आणि त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एका विद्यार्थ्याची नोंद. आपला जावाचा प्रोग्राम ऑफिसच्या बाहेर उभा आहे. त्याला आतली माहिती हवी आहे. त्यासाठी चार गोष्टी लागतात : ऑफिसचा पत्ता, बरोबर खिडकी, आत जायची परवानगी आणि दोघांची भाषा कळणारा दुभाषी.

जावामध्ये या सगळ्या देवाणघेवाणीची जी रीत आहे तिला जेडीबीसी म्हणतात. 1997 साली जावाच्या 1.1 या आवृत्तीबरोबर ती आली. दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात, खिडकीला पोर्ट. मायएसक्यूएलची खिडकी सहसा 3306 क्रमांकाची असते, पोस्टग्रेची 5432, ओरॅकलची 1521. हे चित्र मनात पक्कं बसलं की एरर कुठल्या टप्प्यावरची आहे ते ओळखता येतं. माणूस पत्ता चुकला आहे, खिडकी बंद आहे, शिपायाने अडवलं आहे, की आत जाऊन त्याने चुकीचं रजिस्टर मागितलं आहे?

लाल ओळी कशा वाचायच्या

जावा चूक झाली की दहा, वीस, कधी पन्नास ओळी दाखवतो. सगळ्या वाचायची गरज नसते. त्यात 'कॉज्ड बाय', म्हणजे 'याचं कारण', असे शब्द शोधा. ते अनेकदा आले असतील तर बहुतेक वेळा सर्वांत शेवटचं 'कॉज्ड बाय' हे मूळ कारण असतं. मग खालच्या ओळींमध्ये आपण स्वतः लिहिलेल्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक शोधा. झालं. काय बिघडलं आणि कुठे बिघडलं, दोन्ही हातात आलं.

आता टप्प्याटप्प्याने पाहू.

'नो सुटेबल ड्रायव्हर' असं आलं तर दुभाषी हजर नाही. ड्रायव्हरची जार फाइल प्रोजेक्टमध्ये जोडलेली नाही, किंवा पत्त्याच्या ओळीत, म्हणजे 'जेडीबीसी:मायएसक्यूएल' या सुरुवातीतच, एखादं अक्षर चुकलं आहे.

'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर खिडकी बंद आहे. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण साधं असतं. लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, परत चालू केला, पण झॅम्पमध्ये मायएसक्यूएलसमोरचं 'स्टार्ट' दाबायचं राहिलं. दुसरं कारण म्हणजे त्याच लॅपटॉपवर मायएसक्यूएल दोनदा टाकलेलं असतं आणि दोघांना 3306 हीच खिडकी हवी असते. एकाने ती अडवली की दुसरा सुरूच होत नाही.

'ॲक्सेस डिनाइड', क्रमांक 1045. म्हणजे आपण ऑफिसपर्यंत नीट पोचलो आहोत, फक्त आत सोडत नाहीत. इथे संदेश शेवटपर्यंत वाचण्याचा फायदा दिसतो. ओळीच्या शेवटी कंसात लिहिलेलं असतं : 'यूजिंग पासवर्ड : यस' किंवा 'नो'. झॅम्पमध्ये 'रूट' या वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. मुलं यूट्यूबवरचा कोड जशाचा तसा उतरवतात आणि त्यात पासवर्डच्या जागीही 'रूट' लिहिलेलं असतं. संगणक सरळ सांगतो आहे, 'तू पासवर्ड दिलास.' शेवटचे तीन शब्द वाचले तर काम पाच मिनिटांचं, नाहीतर दोन रात्री जातात.

'अननोन डेटाबेस', क्रमांक 1049. आत आलो, पण त्या नावाचं कपाटच नाही. नावाचं स्पेलिंग तपासा.

आत गेल्यावरच्या चुका

कनेक्शन झालं म्हणजे सगळं झालं असं नसतं. आता प्रश्न विचारायचा असतो. त्याला क्वेरी म्हणतात आणि तिची भाषा एसक्यूएल. हिलाही व्याकरण आहे. व्याकरण चुकलं की क्रमांक 1064 येतो. त्या संदेशात 'निअर' या शब्दानंतर क्वेरीचा एक तुकडा दिलेला असतो. चूक त्या तुकड्याच्या सुरुवातीला किंवा त्याच्या लगेच आधी असते. सुटलेला स्वल्पविराम, न मिटवलेलं अवतरण चिन्ह, दोन शब्दांमध्ये राहून गेलेली मोकळी जागा. शुद्धलेखनाच्या वहीत आपण जे शोधतो तेच.

'टेबल डझंट एग्झिस्ट', क्रमांक 1146, हा घरी न दिसणारा आणि कॉलेजात दिसणारा आजार आहे. विंडोजवर टेबलाच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर मायएसक्यूएल सारखंच धरतं, लिनक्सवर सहसा वेगळं धरतं. म्हणून घरच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट कॉलेजच्या सर्व्हरवर अडतो, आणि मुलगा शपथेवर सांगतो की काल चालत होता. तो खरंच बोलत असतो. उपाय एकच. टेबलांची सगळी नावं पहिल्यापासून स्मॉल अक्षरांत ठेवा.

'बिफोर स्टार्ट ऑफ रिझल्ट सेट' म्हणजे रजिस्टर हातात आलं आहे, पण पहिल्या ओळीवर बोट ठेवलेलं नाही. 'नेक्स्ट' म्हटल्याशिवाय वाचन सुरू होत नाही. आणि 'पॅरामीटर इंडेक्स आउट ऑफ रेंज' आलं तर मोजणी पाहा. जावामध्ये बहुतेक ठिकाणी मोजणी शून्यापासून असते, पण जेडीबीसीत ती एकपासून होते.

आणखी एक चूक फार छळते. प्रोग्राम सुरुवातीला छान चालतो, आठ-दहा वेळा बटण दाबलं की गोठतो. कारण प्रत्येक वेळी नवीन कनेक्शन उघडलं गेलं आणि एकही बंद केलं नाही. वाचनालयातून पुस्तकं नेली आणि कुणी परतच केली नाहीत, तर नंतर येणाऱ्याला काय मिळणार? हिकारी नावाचं कनेक्शन सांभाळणारं साधन सुरुवातीला दहाच कनेक्शन देतं. ती संपली की पुढचा तीस सेकंद वाट पाहतो आणि मग एरर येते. 2011 च्या जावा 7 पासून 'ट्राय विथ रिसोर्सेस' ही सोय आहे. तिच्यात उघडलेली वस्तू काम संपलं की आपोआप बंद होते. ती सवय पहिल्या दिवसापासून लावा.

नावातला स्वल्पविराम आणि मोठी चोरी

मुलं क्वेरीच्या वाक्यात नाव सरळ चिकटवून टाकतात. मग एखाद्या दिवशी वसई-गोव्याकडचं डि'सूझा आडनाव येतं, किंवा कुणी मोमीन इंग्रजीत लिहिताना मधे वरचा स्वल्पविराम देतो. संगणकाला वाटतं वाक्य तिथेच संपलं, आणि 1064 येतो. ही साधी अडचण वाटते. पण ज्या फटीतून हा स्वल्पविराम घुसतो त्याच फटीतून चोरही घुसतो. नावाच्या रकान्यात तो नावाऐवजी हुकूम लिहितो आणि डेटाबेस तो हुकूम पाळतो. 2015 साली ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या सुमारे 1 लाख 57 हजार ग्राहकांची माहिती याच रस्त्याने चोरीला गेली. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला.

उपाय जावामध्ये पहिल्यापासून आहे. 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरायचं. त्यात प्रश्नाचा साचा आधी पाठवला जातो, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह असतं आणि नाव नंतर वेगळं दिलं जातं. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं. मुलाखतीत हे नीट समजावून सांगणारी मुलगी लक्षात राहते.

मराठी-उर्दूची आपली अडचण

आपल्या मुलांपुढे एक जास्तीचा प्रश्न असतो. मराठी किंवा उर्दू नाव भरलं की टेबलात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. टेबल जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचावर, लॅटिन-1 वर, बनवलेलं असेल तर असं होतं. 2018 च्या मायएसक्यूएल 8.0 पासून 'यूटीएफ-8 एमबी-4' हा संच आपोआप मिळतो. त्याआधीच्या आवृत्तीत तो सांगून घ्यावा लागतो. लक्षात ठेवा, एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. नोंदी पुन्हा भराव्या लागतात. म्हणून पाच नावं भरून आधी पाहा, पाचशे भरून नव्हे.

उर्दूवाल्यांनी आणखी जपावं. अरबी कीबोर्डवरचा काफ आणि उर्दू कीबोर्डवरचा काफ शब्दाच्या सुरुवातीला दिसायला सारखेच असतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. छोट्या 'ये'चंही तसंच. एका मुलीने करीमा हे नाव एका कीबोर्डवर भरलं आणि दुसरीने दुसऱ्या कीबोर्डवर शोधलं, तर डोळ्यांना नाव तेच दिसतं आणि संगणक म्हणतो, असं नाव नाही. मराठीत 'ॲ' हे अक्षरही दोन रीतींनी टंकता येतं. एका प्रोजेक्टमध्ये सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा हे त्याचं सर्वांत सोपं औषध.

गप्प बसणारी चूक

इथपर्यंतच्या बहुतेक चुका ओरडून सांगणाऱ्या होत्या. ओरडणारी चूक बरी. ती काय म्हणते ते वाचलं की सुटते. करीमाच्या नावासारखी चूक मात्र गप्प असते. कनेक्शन ठीक, क्वेरी ठीक, एकही लाल ओळ नाही, आणि उत्तर येतं : शून्य नोंदी. प्रोग्रामच्या दृष्टीने सगळं बरोबर. माणसाच्या दृष्टीने तो विद्यार्थी अस्तित्वातच नाही.

आपल्या घरांत हे फार घडतं. शेख इंग्रजीत किमान तीन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि देगलूर ओलांडून तेलंगणात गेलं की त्याच्या शेवटचा 'एच'ही बरेचदा गळतो. मोहम्मदचं तर विचारूच नका. पूर्ण, अर्धा, नुसता 'मो.' किंवा 'एमडी'. शिवाय मराठवाड्यात आपण नाव लिहितो 'शेख अमुक शेख तमुक'. फॉर्मवर रकाने तीन : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एक जण शेख पहिल्या रकान्यात भरतो, दुसरा शेवटच्या. एकाच लेकराची मग दोन माणसं होतात. लग्नानंतर मुलीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम' लागतं, आणि तिसरं माणूस तयार होतं.

अशा न जुळण्याने काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राने 2017 साली पाहिलं. त्या जूनमध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ, आणि जाहीर झालेला आकडा 34,022 कोटी रुपयांचा. अर्ज ऑनलाइन होते. 18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रंही वाटली गेली. पण त्यानंतर अर्जातली माहिती आणि बँकांकडून आलेली माहिती एकमेकींशी जुळेना. याद्या थांबवून पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि ज्याच्या हातात प्रमाणपत्र होतं त्याच्या खात्यावरचं कर्ज तसंच उभं होतं.

डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली तेव्हा रीत बदललेली होती. अर्ज नव्हता. कर्जखातं आधारशी जोडलेलं हवं होतं, याद्या लावल्या गेल्या, आणि प्रत्येक शेतकऱ्याने आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जाऊन रक्कम बरोबर आहे की नाही हे स्वतः सांगायचं होतं. म्हणजे ओळख नावावर सोडली नाही, एका ठाम क्रमांकावर ठेवली, आणि शेवटची खात्री माणसाकडून करून घेतली.

डेटाबेसच्या पुस्तकात या ठाम क्रमांकाला 'प्रायमरी की' म्हणतात. दोन नोंदींना तोच क्रमांक देऊ पाहिलं तर 1062 क्रमांकाची एरर येते. मुलं तिला वैतागतात, पण ती पहारेकरी आहे. प्रोजेक्ट करणाऱ्या लेकरांनी एवढं नक्की करावं : विद्यार्थी नावाने ओळखू नका, क्रमांकाने ओळखा. नावाने शोधायची सोय द्या, पण शून्य नोंदी आल्या तर कोरा पडदा दाखवू नका. 'या स्पेलिंगने नाव सापडलं नाही, दुसऱ्या तऱ्हेने लिहून पाहा,' असा संदेश द्या. समोर बसलेल्या क्लार्कला तेवढ्या एका ओळीने कळेल की मुलगी नाही असं नाही, तिचं नाव वेगळं लिहिलं गेलं आहे.

घरात काय करायचं

प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी एक साधी वही ठेवावी. आलेला एरर क्रमांक, तो काय म्हणाला, कारण काय निघालं, काय केल्यावर सुटला. चार ओळी पुरतात. वर्षाअखेर त्या वहीत पंधरा-वीस पानं होतात आणि मुलाखतीला जाताना दुसरी तयारी फारशी लागत नाही.

आईवडिलांनी लेकरू अडलं की दोनच प्रश्न विचारावेत : "त्यात लिहिलंय काय? मोठ्याने वाच बरं." आणि, "कालपासून तू काय बदललंस?" तुम्हाला जावा येत नसला तरी हे विचारता येतं. मोठ्याने वाचताना निम्म्या मुलांना चूक आपली आपणच दिसते. तयार प्रोजेक्टसाठी मात्र पैसे देऊ नका.

आणि ज्या घरात कुणी संगणक शिकत नाही, तिथेही एक काम आहे. सुट्टीच्या दिवशी सगळ्या लेकरांचे जन्मदाखले, आधार कार्ड आणि शाळेतली नोंद समोरासमोर ठेवा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. आता शाळांमधून 'अपार' ओळख क्रमांक काढला जातो. त्यासाठी शाळेच्या यूडायसमधली नोंद आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. फरक दिसला तर लेकरू शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नसलं की आपण म्हणतो, नशिबात नव्हतं. कितीदा तरी ते नशीब नसतं. एक 'एच' जास्त असतो, किंवा शेख चुकीच्या रकान्यात बसलेला असतो.